कोयनेची वीज मुंबईला पोचते, आपल्या मोटारीपर्यंत का पोचत नाही?



उसाला पाणी द्यायचे दिवस आले की गटसभेत, वजनकाट्यावर, नाहीतर चिटबॉयच्या मोटारसायकलभोवती उभे राहून एक प्रश्न हमखास निघतो. "आमच्या मोटारीले धड वीज नाही, अन् तिकडं मुंबईत रातभर दिवे कसे जळतात? आमचीच वीज तिकडं नेतात काय?"

प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन प्रश्न एकत्र मिसळलेले आहेत. दोनशे किलोमीटरवरून आलेली वीज मुंबईत जोमदार असते आणि डीपीपासून हजार मीटरवरच्या मोटारीला ती मरतुकडी होऊन येते, हे कसे? हा तारेचा प्रश्न. दुसरा प्रश्न, दिवसाची वीज कुणाला आणि रात्रीची कुणाला, हा वाटपाचा. पहिल्याचे उत्तर विज्ञानात आहे, दुसऱ्याचे मुंबईच्या मंत्रालयात. दोन्ही एकाच पोत्यात भरले की लाइनमनशी भांडण होते आणि मोटार पुन्हा जळते. या लेखात मुख्यतः पहिला प्रश्न घेतला आहे. त्यासाठी उदाहरण कोयनेचे घेऊ, कारण राज्यातला जलविजेचा तो सर्वांत मोठा कारखाना आहे.

हजार लिटर पाणी, एक युनिट वीज

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण आहे. मागच्या जलाशयाला शिवसागर म्हणतात. त्यात १०५ टीएमसीच्या थोडे वर पाणी मावते. कोयना ही कृष्णेची उपनदी, म्हणजे तिचे पाणी मुळात पूर्वेकडे, कराडला जायचे. योजनेची खुबी अशी की हे पाणी उलटे पश्चिमेला वळवले. सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढला आणि डोंगराच्या आतच, चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे, जमिनीखाली वीजघर बांधले. पाणी जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली येऊन चक्रावर आदळते. तिथून ते वाशिष्ठी नदीत जाते आणि शेवटी समुद्राला मिळते.

पडण्याची उंची इतकी मोठी असल्यामुळे हिशेब सोपा होतो. पोफळीला साधारण हजार लिटर पाणी खाली आले की एक युनिटाच्या थोडी वर वीज तयार होते. आपल्या शेजारी, पूर्णा नदीवर येलदरीलाही जलविद्युत केंद्र आहे; त्याची क्षमता २२.५ मेगावॅट. पण तिथे पाणी धरणाच्या उंचीइतकेच पडते, म्हणून तेवढ्याच एका युनिटाला कितीतरी जास्त पाणी लागते. जलविजेत पाण्याइतकीच उंचीलाही किंमत आहे, ती अशी.

आता आपल्या भाषेत बोलू. पाच एचपीची मोटार तासाला साधारण साडेचार युनिट वीज घेते. म्हणजे कोयनेचे चार हजार लिटर पाणी डोंगरावरून खाली आले की आपली मोटार एक तास चालणार. त्या एका तासात वीस-पंचवीस मीटर खोल विहिरीतून, पंप बरा असेल तर, पंचवीस हजार लिटरच्या आसपास पाणी वर येते. एका पाण्याने दुसरे पाणी उपसायचे, असाच हा व्यवहार झाला.

कोयनेची पहिली यंत्रे १९६२ साली फिरू लागली. पुढे एकेक टप्पा वाढत गेला. १९९९-२००० मध्ये चौथा टप्पा सुरू झाला आणि त्याची एकट्याचीच क्षमता १,००० मेगावॅट आहे. सगळे मिळून कोयनेची क्षमता १,९५० मेगावॅटच्या वर जाते. पण डोंगरातून वीज लांब मुंबईला नेण्याची कल्पना कोयनेपेक्षा बरीच जुनी. खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि लोणावळ्याच्या तळ्यांच्या पाण्यावर मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. त्या वेळी एक लाख व्होल्टच्या आसपासचा दाब वापरून घाटाखालून मुंबईपर्यंत वीज नेली होती. एवढा दाब कशासाठी? लेखातला मुख्य धडा इथेच आहे.

पाइपलाइन आणि तार

ज्याने शेतात पाइपलाइन टाकली त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. अडीच इंची पाइपातून जास्त पाणी लांब नेऊ पाहिले तर पाण्याचा जोर पाइपाच्या घर्षणातच मरतो. तारेचेही तसेच आहे. तारेतून वाहणारा प्रवाह म्हणजे अँपिअर, आणि मागून रेटणारा दाब म्हणजे व्होल्ट. पोचणारी वीज या दोघांच्या गुणाकारावर ठरते. दाब वाढवला तर तेवढीच वीज थोड्या प्रवाहात जाते.

प्रवाह थोडा असण्यात फायदा काय? तार गरम होऊन वीज वाया जाते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह दुप्पट झाला तर नुकसान चौपट होते, आणि दहापट झाला तर शंभरपट. पाइपाच्या उपमेत हे नेमके बसत नाही, पण दिशा तीच.

कोयनेचेच आकडे घेऊ. १०० मेगावॅट वीज ११ हजार व्होल्टवर न्यायची म्हटली तर तारेतून सव्वापाच हजार अँपिअर जावे लागतील. मनगटाएवढी तार टाकली तरी ती तापून लाल होईल. तीच वीज दोन लाख वीस हजार व्होल्टवर, म्हणजे २२० केव्हीवर, नेली तर अवघे २६२ अँपिअर. दाब वीसपट, प्रवाह विसावा हिस्सा, आणि त्याच तारेतले नुकसान चारशेवा हिस्सा! चार लाख व्होल्टला हाच प्रवाह १४४ अँपिअरवर येतो. म्हणून कोयनेच्या वाहिन्या आधी २२० केव्हीच्या झाल्या आणि पुढे मोठ्या टप्प्यासाठी ४०० केव्हीच्या. राज्यभरच्या या उच्च दाबाच्या सगळ्या जाळ्यातली गळती साधारण तीन-साडेतीन टक्के असते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

उपकेंद्राच्या कुंपणाआड काय चालते

यंत्रातून वीज निघते ती काही हजार व्होल्टलाच. ती लाखांत चढवायची कुठे आणि उतरवायची कुठे? त्यासाठी उपकेंद्र लागते. वीजघराजवळचे उपकेंद्र दाब चढवते. कराड, पुण्याजवळचे लोणीकंद, ठाण्याजवळचे कळवा अशी उपकेंद्रे वीज घेतात, वेगवेगळ्या वाहिन्यांत वाटतात आणि दाब उतरवतात. रस्त्याने जाताना लोखंडी सांगाड्यांचे रान दिसते, ते बहुधा असेच एखादे उपकेंद्र असते.

त्यातला मुख्य म्हणजे रोहित्र, आपण ज्याला ट्रान्सफॉर्मर म्हणतो तो. गावच्या डीपीचाच हा थोरला भाऊ. आत लोखंडी गाभा, त्यावर दोन वेटोळी आणि सभोवती तेल. पण आकार एखाद्या खोलीएवढा. तो सतत गुणगुणतो. विजेची दिशा सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, त्यासरशी गाभ्याचे पत्रे सेकंदाला शंभर वेळा थरथरतात, तो हा आवाज. जवळ काचेच्या नळीत निळे खडे दिसतील. रोहित्र श्वास घेते, म्हणजे तेल तापले-निवले की हवा आत-बाहेर होते, आणि त्या हवेतला ओलावा ते खडे शोषून घेतात. खडे गुलाबी झाले की बदलायची वेळ झाली. आपल्या डीपीवरही अशी नळी असते. एकदा मान वर करून तिचा रंग पाहावा.

नंतर येतात ब्रेकर. घरातला फ्यूज जळतो, तेवढ्याने काम भागते. पण दोन लाख व्होल्टचा प्रवाह तोडायचा म्हणजे दोन टोके लांब केली तरी मधल्या हवेतून वीज ठिणगीच्या दोरासारखी लोंबत राहते. म्हणून ती टोके खास वायूने भरलेल्या बंद टाकीत तुटतात. हा तुकडा पाडायला सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. कुठे तार तुटली, झाड पडले, वीज कडाडली, तर रिले नावाचा पहारेकरी ओळखतो आणि ब्रेकरला हुकूम देतो. मधे माणूस नसतो, कारण माणसाची पापणी लवेपर्यंत रोहित्र जळून गेलेले असते.

जमिनीवर सगळीकडे खडी पसरलेली दिसते. गवत उगवू नये म्हणून असेल, असा आपला समज. तेही एक कारण आहेच. पण मुख्य कारण वेगळे. बिघाडात वीज जमिनीत उतरते तेव्हा दोन पावलांच्या अंतरातही व्होल्टचा फरक पडतो, आणि तो माणसाच्या पायातून जाऊ शकतो. कोरडी खडी वीज सहसा वाहू देत नाही, म्हणून पाय वाचतो. तार तुटून ओल्या सरीत पडलेली असेल तर जवळ जायचे नाही, हे याच कारणाने. तारेला हात लागला नाही तरी ओली जमीन घात करते.

नळ सोडावा तशी वीज

कोळशाचे केंद्र, आपल्याजवळचे पारस घ्या किंवा चंद्रपूर, थंड पडल्यावर पुन्हा भरात यायला कित्येक तास घेते. बॉयलर म्हणजे काय ते कारखान्याच्या सभासदाला सांगायला नको. गाळप सुरू करताना वाफ धरायला किती वेळ जातो ते आपण दर हंगामात पाहतो. पाण्याचे चक्र मात्र काही मिनिटांत फिरते. झडप उघडली की वीज सुरू, आणि मिटली की बंद. म्हणून कोयनेचा उपयोग दिवसभर रतीब घालायला कमी आणि सकाळ-संध्याकाळच्या ओढीला जास्त होतो. कुठले केंद्र किती चालवायचे हे ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र क्षणाक्षणाला ठरवते, कारण वीज साठवून ठेवता येत नाही. जेवढी मागणी तेवढीच त्या घटकेला तयार व्हावी लागते. तसे झाले नाही तर सेकंदाची पन्नास आवर्तने ढळतात.

हे किती नाजूक आहे याचा नमुना ५ एप्रिल २०२० रोजी दिसला. त्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे देशभर दिवे मालवले गेले. मागणी एकदम ३१ हजार मेगावॅटच्या आसपास घसरली आणि पुन्हा तशीच चढली. ही उलथापालथ झेलण्याचा मोठा भार देशातल्या जलविद्युत केंद्रांनी उचलला. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबई बंद पडली, लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या दिवशी विजेचा तुटवडा नव्हता. पडघे-कळवा आणि खारघरकडच्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक हातातून गेल्या आणि वीज असूनही शहरात शिरायला वाट उरली नाही. आपल्याकडे एका फीडरला जे होते तेच तिथे एका महानगराला झाले, एवढाच फरक.

कोयनेवर सगळा भरवसा टाकला की काय होते, हे त्याच्याही आधी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कळले होते. त्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, वीजघर बंद ठेवावे लागले आणि मुंबईच्या कारखान्यांची चाके थांबली.

या विजेची किंमत कुणी मोजली, तेही लिहिले पाहिजे. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून तीन वर्षे मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले, धरण झालेच. कोयनेत शंभराच्या आसपास गावांना पाणी लागले. त्या कुटुंबांची जमिनीसाठी आंदोलने २०१८ सालीही चालू होती. आणि कृष्णा खोऱ्यातल्या ऊसवाल्यांचेही एक गाऱ्हाणे आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला सोडायची मर्यादा घालून दिली आहे. वीज झाल्यावर ते पाणी पूर्वेच्या शेतीला परत येत नाही. दुष्काळी वर्षी वीज की सिंचन हा वाद तिकडे उठतो तो यामुळे. उजेड पडतो एकीकडे आणि सावली दुसरीकडे, पण हिशेबाच्या वहीत सावलीला रकाना नसतो.

आता आपल्या डीपीकडे

वाशीम जिल्ह्यात येणारी वीज अमुक केंद्राची असे नाव लावून येत नाही. राज्याचे जाळे एकच. पारस, चंद्रपूर, कोराडी, कोयना, सगळ्यांची वीज त्यात मिसळते. तिथून १३२ केव्हीच्या उपकेंद्रात, मग ३३ केव्ही, मग ११ केव्ही, आणि शेवटी डीपीवर ४१५ व्होल्ट. चार लाखांपासून चारशेपर्यंत उतरत आलेली ही वीज शेवटच्या पायरीला येईपर्यंत फारशी कमी झालेली नसते. ती मरते ती शेवटच्या हजार मीटरमध्ये.

हे तोंडचे बोलणे नाही, गणित करून पाहा. समजा डीपीपासून एक किलोमीटर लांब तार गेली आहे आणि टोकाला पाच एचपीच्या पाच मोटारी आहेत. एकेक मोटार आठ अँपिअर घेते, म्हणजे तारेतून ४० अँपिअर. आपल्याकडच्या बारीक ॲल्युमिनियमच्या तारेचा विरोध किलोमीटरला साधारण एक ओहम धरू. एका तारेत नुकसान ४० गुणिले ४० गुणिले १, म्हणजे १,६०० वॅट. तिन्ही तारांत ४,८०० वॅट. पाचही मोटारींना मिळून लागते २३ हजार वॅट. म्हणजे पाचवा हिस्सा वीज तार तापवण्यात गेली! पोफळीहून मुंबईला जाताना तीन-साडेतीन टक्के, आणि डीपीवरून धुऱ्यावर येताना वीस टक्के.

दाबही तसाच घटतो. एका फेजला चाळीसेक व्होल्ट गळून डीपीवरचे ४१५ टोकाला ३४५ च्या आसपास उरतात. मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, त्यामुळे तिच्यात सत्तर टक्केच जोर राहतो. पाणी तर तेवढेच उचलायचे असते. मग ती हळू फिरते, जास्त प्रवाह ओढते, वेटोळी तापतात आणि एके दिवशी जळका वास येतो. "पूर्ण व्होल्टेज आल्यानं जळली" असे कुणी म्हणतो; बहुतेक वेळा ती कमी व्होल्टेजने जळलेली असते.

हीच २३ हजार वॅट वीज ११ हजार व्होल्टवर त्या धुऱ्यापर्यंत आणली असती तर? प्रवाह दीड अँपिअर, तिन्ही तारांतले नुकसान अवघे सात वॅट. एकीकडे ४,८०० आणि एकीकडे सात. म्हणूनच २०१८ पासून राज्यात उच्चदाब वितरण प्रणाली आली. त्यात ११ केव्हीची तार शेतापर्यंत नेतात आणि एक-दोन मोटारींना एक छोटे रोहित्र देतात. कोयनेचा जो नियम तोच हा. फक्त तो शेवटच्या बांधापर्यंत आणला.

ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी हात बांधून बसायचे कारण नाही. मोटारीला कपॅसिटर बसवावा. मोटार काही प्रवाह कामासाठी घेते आणि काही नुसता चुंबकत्व उभे करायला घेते. हा दुसरा प्रवाह तारेतून ये-जा करत राहतो आणि तार तापवतो. कपॅसिटर तो जागेवरच पुरवतो. तीन एचपीला एक केव्हीएआर, पाचला दोन, साडेसातला तीन, एवढा पुरतो. पाच एचपीच्या मोटारीचा प्रवाह त्यामुळे आठवरून पावणेसात अँपिअरच्या खाली येतो. वरच्या उदाहरणात पाचही जणांनी बसवला तर ४,८०० वॅटचे नुकसान ३,४०० वर येते. पण एकट्याने बसवून भागत नाही, पाचांनी बसवावा लागतो. आपल्याकडे घोडे नेमके इथेच अडते. पहिला म्हणतो दुसऱ्याने बसवावा. अनेक ठिकाणी तर बसवलेला कपॅसिटर वायर काढून नुसता भिंतीला शोभेला ठेवलेला दिसतो.

आणखी दोन गोष्टी कडू आहेत पण लिहिल्या पाहिजेत. ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या दहा-अकरा मोटारी नीट चालतात, कपॅसिटर असले तर दोन जास्त. आता आपापल्या डीपीवर किती आहेत त्या मोजा. कागदावर पाचची आणि विहिरीत साडेसातची मोटार असेल तर ती दीडपट धरा. आकडे टाकून चालणाऱ्या धरायच्या की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. डीपी मात्र त्या धरतोच.

दुसरी गोष्ट ऑटोस्विचची. रात्री उठायला नको म्हणून तो लावतात, आणि त्यात माणसाचा दोष तरी किती? साप, रानडुकरं, थंडी सोसून कोण रोज उठणार? पण मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. वीज आल्याक्षणी दहा मोटारी एकदम उठल्या तर डीपीकडे साडेचारशे-पाचशे अँपिअरची मागणी जाते. ६३ केव्हीएच्या डीपीची शक्ती आहे ८८ अँपिअर. मग फ्यूज जातो, आणि फ्यूजच्या जागी कुणी जाड तार गुंडाळली असेल तर डीपीच जातो. ऑटोस्विच ठेवायचाच असेल तर वेळ लांबवणारा ठेवावा आणि एका डीपीवरच्यांनी आपसात मिनिटे वाटून घ्यावीत. पाण्याच्या पाळ्या वाटून घेण्याची आपली सवय जुनीच आहे.

रात्रीचे पाणी

शेतीला रात्री वीज का, हा मात्र तारेचा प्रश्न नव्हे. रात्री शहरांची आणि कारखान्यांची मागणी उतरते, तेव्हा कोळशाची केंद्रे पुरती बंद करता येत नाहीत; ती उरलेली वीज कुठेतरी खपवायची म्हणून शेतीच्या गळ्यात आली. व्यवस्थेच्या सोयीने हे बरोबर असेल, माणसाच्या सोयीने नाही. सौर विजेने आता हे गणित उलटते आहे, कारण ती दिवसाच तयार होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा निघाला. त्यात गावाच्या उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची आहे. वीज खपते तिथेच तयार झाली तर लांब तारेचा खर्चही वाचतो. आपल्या गावचा फीडर या योजनेत आला की नाही, हे महावितरणच्या उपविभागात विचारायला हरकत नाही. हा प्रश्न दहा जणांनी मिळून विचारला तर उत्तर लवकर मिळते, असा अनुभव आहे.

फडावरून तार जात असेल तर

मोठ्या वाहिनीखाली पाचट पेटवू नये. धूर आणि ज्वाळा वर गेल्या की तारांमधली हवा वीज वाहू लागते, ब्रेकर पडतो आणि शेकडो गावांची वाहिनी बंद होते. शिवाय पाचट सरीत राहू दिले तर ओल टिकते, ते वेगळेच. उलट बाजूने, लोंबकळणाऱ्या बारीक तारा वाऱ्याने एकमेकींना लागून ठिणगी पडते आणि उभा ऊस जळतो. जळीत उसाची तोड, वजनघट आणि पंचनामा यांचा जाच सभासदांना माहीत आहे. तारा सैल दिसल्या तर गाळप हंगामाच्या आधी अर्ज द्यावा, आग लागल्यावर नव्हे. तुषार सिंचनाचा ॲल्युमिनियमचा पाइप तारेखाली कधीही उभा करू नये, मग आत अडकलेला बेडूक काढायचा असला तरी. पाइप आडवा ठेवूनच झटकावा.

तक्रार करताना "वीज येत नाही" एवढेच लिहून उपयोग होत नाही. स्टार्टरच्या पेटीत व्होल्टमीटर बसवून घ्यावा. नियमाप्रमाणे ४१५ व्होल्टमध्ये सहा टक्के कमीजास्त चालते, म्हणजे ३९० च्या खाली काटा गेला की तक्रार पक्की. आठ दिवस वहीत लिहून ठेवावे: तारीख, वेळ, तिन्ही फेजचे व्होल्टेज, त्या वेळी डीपीवर चालू असलेल्या मोटारी. अर्जात फीडरचे नाव, डीपीचा क्रमांक आणि डीपीपासूनचे अंतर घालावे, सगळ्या ग्राहकांनी सह्या कराव्यात आणि पोच घ्यावी. डीपी जळाल्यास ग्रामीण भागात तो ४८ तासांत बदलून देण्याचे बंधन आहे, म्हणून कळवल्याची तारीख आणि वेळ दोन्ही लिहावीत. दाद लागली नाही तर वीज ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि तिथे ही वहीच पुरावा म्हणून चालते.